मीठबाईंनी किल्ली दिली नाही

निरोप समारंभात संचालकांनी व्हायचा तो विनोद केलाच. "मॅडमनी आयुष्यभर या संस्थेचं मीठ खाल्लं, आणि त्या मिठाला जागल्या," असं म्हणून ते थांबले, आणि सभागृहात होते तेवढे सगळे हसले. मीठबाईसुद्धा हसल्या. हा विनोद त्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आल्या होत्या, आणि दर वेळी सांगणाऱ्याला वाटायचं की तो आपल्यालाच सुचला. मग फुलं दिली गेली, फोटो निघाले, बशीतली बिस्किटं संपली. लोक पांगल्यावर संचालकांनी हात पुढे केला.

"खोलीची किल्ली तेवढी द्या, मॅडम."

"नाही," मीठबाई म्हणाल्या.

संचालकांना वाटलं, घरी विसरल्या असतील. "उद्या पाठवलीत तरी चालेल."

"उद्याही नाही. माझं सॅम्पल थंड होतंय. ते झालं की देईन."

"कधी होईल?"

"त्याला घाई नाही. म्हणून मलाही नाही."

एवढं बोलून त्यांनी फुलं काखेत मारली, जिना चढून आपल्या प्रयोगशाळेत गेल्या आणि आतून कडी लावली. संचालकांचा तळहात रिकामाच राहिला.

मीठबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. रसायनशास्त्राच्या या संस्थेत त्या मिठांवर काम करायच्या, म्हणून कोणा विद्यार्थ्याने ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचून नव्या कारकुनाने "या कोण?" असं विचारलं होतं. पण मिठाचं वेड त्याआधीचं. शाळेत बाईंनी शिकवलं की मीठ पाण्यात विरघळतं. या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नुसतं तापवलं तर वितळतं का? बाई म्हणाल्या, नाही वितळत, खाली बस. घरी आल्यावर यांनी आईचं सगळ्यात पातळ पातेलं घेतलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि स्टोव्ह मोठा करून बसल्या. मीठ तडतडलं, उडालं, पण वितळलं काही नाही. पातेल्याचं बूड मात्र कामातून गेलं. आई घरी शिवणकाम करायची. तिच्या हातात लाकडी पट्टी असायचीच. मार खाताना मुलगी रडत होती आणि रडता रडता सांगत होती, "मीठ वितळत नाही असं नाहीच आहे. आपला स्टोव्ह कमी पडला."

कॉलेजात गेल्यावर कळलं की मीठ खरंच वितळतं, फक्त त्याला लालबुंद भट्टी लागते. त्याच संध्याकाळी त्यांनी हे आईला विजयी मुद्रेने सांगितलं. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मग पातेलं आणून दे."

आता मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्वयंपाकघरातलं मीठ येतं. रसायनवाल्यांचं मीठ म्हणजे मोठं खटलं आहे. एक धन भाराचा आयन, एक ऋण भाराचा, दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं की झालं मीठ. हे आयन सुटसुटीत असले तर पकड घट्ट बसते. पण तेच थोराड, बेढब, लांब शेपट्यांचे घेतले तर त्यांना एकमेकांशेजारी नीट बसताच येत नाही, आणि असलं मीठ गरम चहाच्या कपावर ठेवलं तरी पातळ होतं. शेपट्या पुरेशा लांब असतील तर आणखी एक गंमत होते. पातळ झाल्यावरही हे आयन शिस्त सोडत नाहीत. डोक्याकडे डोकं, शेपटीकडे शेपटी, अशा रांगा धरून राहतात. वाहतात द्रवासारखे, उभे राहतात स्फटिकासारखे. ना धड हे, ना धड ते. त्यालाच द्रवस्फटिक म्हणतात. मीठबाईंनी त्याच्या पुढे जाऊन असे आयन एका लांबलचक साखळीला टांगले, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. त्या साखळीला पॉलिमर म्हणायचं. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

बनवणं हेच मोठं काम होतं. आधी सुटा घटक बनवायचा, तो शुद्ध करायचा, मग हवा दूर ठेवून अशा घटकांची साखळी जोडायची, मग साखळीबरोबर आलेला ब्रोमाइड काढून त्या जागी थोराड ऋण आयन बसवायचा. ब्रोमाइड गेला की नाही हे बघायला धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. पाणी गढूळ झालं की पुन्हा धुवायचं. पाणी निवळ आलं की बाकीचे थांबायचे. मीठबाई तो गोळा पुन्हा विरघळवायच्या, पुन्हा घट्ट करायच्या, पुन्हा धुवायच्या. जाड रजई वरून निवळ पाणी सोडते, पण आत साबण तसाच असतो, असं त्यांचं म्हणणं. यामुळे इतरांचं महिन्याचं काम त्यांना दोन महिने पुरायचं, आणि वार्षिक आढाव्यात त्यांच्या नावापुढे "संथ" असा शेरा पडायचा. संथ तर संथ. संथ म्हटल्याने कोणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर ते वळावं म्हणून. पदार्थ दोन काचांच्या मध्ये केसाहून पातळ थरात भरायचा, काचांना वीज जोडायची, आणि विजेच्या क्षेत्रात आतल्या रांगा एका दिशेला वळतात का ते बघायचं. भार नसलेले साधे द्रवस्फटिक डोळ्याचं पातं लवायच्या आत वळतात. घड्याळाचे, कॅल्क्युलेटरचे आकडे त्यांच्याच जिवावर चालतात. मिठाचं तसं नाही. वीज दिली की सुटे आयन धावत काचांपाशी जाऊन गर्दी करतात आणि क्षेत्र तिथल्या तिथे खाऊन टाकतात. आत रांगांपर्यंत काही पोचतच नाही. यावर मीठबाई विजेची दिशा इतक्या भराभर उलटसुलट करायच्या की आयनांना धावायला सवडच मिळू नये. उरली साखळी. ती जड, चिकट, आळशी. तिला वेळ द्यायला हवा. मीठबाईंचं म्हणणं एवढंच होतं: पदार्थ पूर्ण पातळ होईपर्यंत तापवा, वीज चालू ठेवा, आणि मग गोगलगाईच्या चालीने थंड करा, दिवसच्या दिवस. तो वळेल, आणि वळलेल्या स्थितीतच गोठेल. मग या काचेपासून त्या काचेपर्यंत आयनांना सरळ रस्ता मिळेल.

संस्थेचं म्हणणंही एवढंच होतं: वळणार नाही.

खरं सांगायचं तर संस्थेतल्या एकाही माणसाने ते वळत नाही असं बघितलं नव्हतं. बघणार कसं? प्रयोग कधी शेवटापर्यंत जाऊच दिला नाही. सॅम्पल हळूहळू थंड करणारी गरम पट्टी सगळ्यांच्या सामाईक वापरातली. एका माणसाला ती दिवसभरापेक्षा जास्त मिळायची नाही. मिळाली तर वीज जायची. वीज राहिली तर दुसऱ्याचं निकडीचं काम निघायचं. एकदा तर कोणीतरी मोबाईल चार्ज करायला प्लग काढला. त्या माणसाशी मीठबाई अजून बोलत नाहीत. दर वर्षी आढाव्यात मात्र एक वाक्य ठरलेलं असायचं, "विद्युत क्षेत्राला प्रतिसाद नाही." दर वर्षी मीठबाई उठून म्हणायच्या, "प्रयोग पूर्ण झालेला नाही, असं लिहा." दर वर्षी सगळे मान डोलवायचे, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य पुन्हा. शहाणे लोक समजवायचे, आयन काढून टाका, साधे पदार्थ घ्या, भराभर वळतील. त्यावर मीठबाई म्हणायच्या, "आयन काढले तर माझ्याकडे राहिलं काय? मेण."

निवृत्ती जवळ आल्यावर नशिबाने एक गरम पट्टी भंगारात निघाली. मीठबाईंनी ती उचलून आणली, तिची तार बदलली, नियंत्रकाची कुरकुर ऐकत दोन आठवडे घालवले आणि ती चालती केली. बाटलीच्या तळाशी शेवटचं थोडं पॉलिमर उरलं होतं. नवीन बनवायचं तर सगळा प्रपंच पहिल्यापासून. हिशोब असा बसवला होता की निरोपाच्या आधीच सॅम्पल थंड होईल. आणि इथे मीठबाईंनी चूक केली. हे पॉलिमर शेवटी मीठच, हवेतली ओल धरतं. काचांमध्ये भरण्यापूर्वी ते रात्रभर निर्वातात सुकवावं लागतं. हे त्यांनी अर्ध्या आयुष्यात पन्नास जणांना शिकवलं असेल. पण घाई अशी नडली की स्वतःचं सॅम्पल त्यांनी अर्धवट सुकवून भरलं. तापवल्यावर आत बुडबुडे दिसले. काच फेकली, पुन्हा सुकवलं, उरलंसुरलं पुन्हा भरलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि निवृत्तीचा दिवस सॅम्पलच्या आधी येऊन उभा राहिला. आता मध्येच वीज तोडली तर रांगा जिथे असतील तिथे विस्कटणार, आणि पुन्हा करायला ना पदार्थ उरला होता, ना खोली, ना नोकरी. म्हणून कडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठबाईंची नणंद डबा घेऊन हजर झाली. मीठबाईंच्या नवऱ्याची ही धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या, आणि खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून रोज भांडत होत्या. नणंद निवृत्त परिचारिका. तिने आयुष्यभर अतिदक्षता विभागात नोकरी केली, त्यामुळे तिला कशाचं आश्चर्य म्हणून वाटत नाही.

"वहिनी, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही," तिने दारातूनच सुरुवात केली. "टेबलावर झोपलात?"

"खुर्चीत. वन्सं, डबा ठेवा आणि घरी जा."

"जाते तर. आधी रक्तदाबाची गोळी घ्या माझ्यासमोर." गोळी घशाखाली उतरल्याचं बघून तिने खोलीभर नजर फिरवली. एका टेबलावर मायक्रोस्कोप, त्याखाली नखाएवढी काच, काचेतून निघालेल्या दोन तारा. "एवढ्याशासाठी?"

"एवढ्याशासाठीच."

"जिवंत आहे का ते?"

"नाही हो."

"मग उशी आणते," असं म्हणून नणंद गेली, आणि खरोखरच उशी घेऊन आली.

दुपारी संचालक आले. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरुणपणी पिपेट धरायला तो मीठबाईंकडूनच शिकला होता, आणि त्यांच्याविषयी त्याला आदरही होता. पण आदर असलेल्या माणसाला नियम सांगताना आवाज जरा जास्तच चढतो.

"मॅडम, कायद्याने तुम्ही आता बाहेरच्या आहात."

"मग बाहेरच्या माणसाला आत कशाला शोधताय?" दाराआडून उत्तर आलं.

"ही खोली नव्या सरांना दिलीय. त्यांची यंत्रं कॉरिडॉरमध्ये पडलीत. नवी लाईन टाकायला या मजल्याची वीज बंद करावी लागेल. तुमच्यासाठी एका तरुण माणसाचं काम अडलंय."

ते खरं होतं, हे मीठबाईंनाही ठाऊक होतं. आणि खरं असलं तरी त्यांनी कडी काढली नाही. "माझंही तुमच्यासाठी कितीदा अडलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणी दार ठोठावलं नाही."

नवे सर, ज्यांना सगळे बॅटरीवाला म्हणत, ते स्वतः संध्याकाळी आले. सडपातळ, अतिशय सभ्य, दर वाक्याआधी "माफ करा" म्हणणारे. त्यांच्या यंत्रांची खोकी कॉरिडॉरभर रचलेली होती, आणि लोक त्यांना वळसा घालून जाता जाता त्यांच्याकडेच रागाने बघत होते. त्यांनी दारावर एक बोट वाजवलं.

"माफ करा मॅडम. मी भांडायला नाही आलो. बघू का?"

मीठबाईंनी कडी काढली. बॅटरीवाल्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. सॅम्पलच्या वर प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारी एक काळसर काच, खाली तसलीच एक, दोन्हींच्या दिशा एकमेकींना आडव्या. मधे नुसती काच असती तर गडद काळोख दिसला असता. पण पदार्थातल्या रांगा प्रकाशाला वळवून काळोखातून पलीकडे काढत होत्या, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे, निळे, राखाडी ठिपके पसरलेले दिसत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे रांगांचा एक जथा, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे.

"अजून ठिपकेच आहेत," ते म्हणाले.

"अजून."

"हे जर एका दिशेला वळलं ना मॅडम, तर आयन सरळ रेषेत जातील. मला बॅटरीच्या पडद्यासाठी नेमकं हेच हवंय. म्हणजे हे माझ्याच कामाचं आहे."

"असेल. तुमच्या कामाचं आहे म्हणून मी करत नाही."

"मग कशासाठी करता?"

मीठबाई जरा चिडल्या. "तुम्ही कोणाला विचारता का, तू श्वास कशासाठी घेतोस? मला बघायचंय. बस. सगळ्यांनी मला सांगितलं वळणार नाही. माझ्या गुरूंनी सांगितलं, साहेबांनी सांगितलं, काल बिस्किटं वाटणारा शिपाई सांगत होता. एकानेही बघितलेलं नाही. मी न बघता मानणार नाही."

बॅटरीवाले "माफ करा" म्हणून गेले, पण जाताना त्यांनी कॉरिडॉरमधल्या एका खोक्यावर पांघरूण घातलं, मुक्काम लांबणार असं समजून.

पुढच्या दिवशी मात्र संचालकांचा संयम संपला. त्यांनी वायरमनला पाठवलं. मजल्याचा स्विचबोर्ड जिन्यापाशी भिंतीत होता, पत्र्याच्या दाराआड. वायरमन टेस्टर कानावर खोचून आला आणि बघतो तर त्या पत्र्याच्या दाराला पाठ लावून, स्टुलावर बसून, नणंदबाई विणकाम करत होत्या.

"मावशी, जरा बाजूला व्हा."

"का?"

"वीज बंद करायचीय."

"आत मशीन चालू आहे."

"माहितीय. साहेबांचा हुकूम आहे."

नणंदेने सुया मांडीवर ठेवल्या. "हे बघ बाबा. मी अतिदक्षता विभागात काम केलंय. तिथे कोणी चालू मशीनचा प्लग काढायला गेलं तर त्याला आम्ही काय करायचो, ते तुला सांगत नाही, तू जेवून आला असशील. तुझा हुकूम तुझ्याजवळ ठेव. तुझ्या साहेबांना म्हणावं, स्वतः या."

"पण आत काय पेशंट थोडाच आहे?"

"ते मला नाही कळत. माझी वहिनी त्याच्याजवळ बसलीय. माझ्यासाठी एवढं पुरे."

वायरमनने समोरच्या खोक्यावर बैठक मारली आणि म्हणाला, माझं काय जातंय, कोणाचं तरी काहीतरी ठरू द्या. नणंदेने थर्मासमधला चहा त्याला दिला. संचालक वर आले तेव्हा दोघांचं सांधेदुखीवर बोलणं चाललं होतं.

संचालक स्विचबोर्डाकडे गेलेच नाहीत. ते सरळ दाराशी गेले आणि पहिल्यांदाच ओरडले. "मॅडम, पुरे झालं आता. इथून इतके लोक निवृत्त झाले, सगळे आपापली कामं अर्धी टाकून गुमान गेले. तुम्हीच काय आभाळातून पडलात?"

दार उघडलं. मीठबाईंचे केस विस्कटलेले, डोळे लाल, पण आवाज ताठ. "ते गेले म्हणून मीही जावं हा नियम कुठला? त्यांना जायचं होतं. मला नाही जायचं."

"तुम्हीच मला शिकवलं होतंत, चुकलेला प्रयोग वेळेवर सोडून द्यावा."

"चुकलेला. अर्धवट राहिलेला सोडावा असं मी कधी शिकवलं? आठवून सांगा."

संचालकांनी आवाज खाली आणला. "आणि समजा नाही वळलं? मग एवढ्या तमाशाचं काय?"

हा प्रश्न मीठबाईंनी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या दुसरं काय केलं होतं? पण त्या म्हणाल्या, "नाही वळलं तर नाही वळलं. ते मी सांगेन."

"आम्ही सगळे तेच तर सांगतोय."

"तुमच्यापैकी बघितलंय कोणी?"

वायरमन चहाच्या कपात बघत बसला. तेव्हा खोक्यांच्या मागून बॅटरीवाले पुढे आले. "माफ करा सर. माझी लाईन थांबू शकते."

"तुमच्या प्रकल्पाची मुदत थांबणार नाही," संचालक म्हणाले.

"ती माझी मुदत आहे ना सर. मी बघून घेईन."

संचालकांनी तिघांकडे बघितलं, स्टुलावरच्या चौथीकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं की इथे आपण एकटे आहोत. "परवा सकाळपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर बटण मी स्वतः बंद करीन, मग स्टुलावर कोणीही बसलेलं असो. आणि लेखी मी काही देणार नाही."

"लेखी मागितलंय कोणी?" मीठबाईंनी दार लावून घेतलं. आत येऊन त्या पुन्हा मायक्रोस्कोपपाशी बसल्या.

मुदतीच्या सकाळी गरम पट्टी खोलीइतकीच थंड झाली. आता खोली उघडी होती. बॅटरीवाले आत येऊन भिंतीला टेकले होते, वायरमन काम नसताना दारात उभा होता, नणंद खुर्चीत, आणि संचालक कोपऱ्यात हाताची घडी घालून. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

मीठबाईंनी सॅम्पलची वीज स्वतःच्या हाताने बंद केली. आता जे काही असेल ते गोठलेलं होतं. पाहण्याची पद्धत सोपी आहे. मायक्रोस्कोपखालची गोल चकती फिरवायची. सगळ्या रांगा एका दिशेला वळल्या असतील तर चकती फिरवता फिरवता सगळं एकदम काळं पडतं, आणखी फिरवली की सगळं एकदम उजळतं. एक माणूस उठून उभा राहावा तसं सगळं एका वेळी व्हायला हवं.

त्यांनी चकती फिरवली. काही ठिपके मावळले, काही उजळले. आणखी फिरवली. मावळलेले उजळले, उजळलेले मावळले, प्रत्येक आपल्या वेळेला. त्यांनी पूर्ण वर्तुळ फिरवलं, मग उलट्या दिशेने फिरवलं. सॅम्पल सरकवून दुसरी जागा बघितली, मग तिसरी, मग काचेची कड. कडेपासून कडेपर्यंत ठिपकेच होते, बॅटरीवाल्यांना दिसले होते तसलेच, फक्त जरा मोठे.

त्या डोळा न काढता बसून राहिल्या. त्या क्षणी खोलीत त्यांच्याशिवाय कोणीही बघितलेलं नव्हतं. नुसतं "कडेला थोडं वळलंय" एवढं म्हटलं असतं तरी या चौघांनी आनंदाने मानलं असतं; संचालकांनी तर सगळ्यात आधी मानलं असतं, कारण त्यांना आता हे प्रकरण गोड शेवटाने संपायला हवं होतं. हे मीठबाईंना चांगलं कळत होतं.

नणंदेला मायक्रोस्कोपातलं काही कळत नव्हतं, पण पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यांवरून बातमी ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. "गेलं का, वहिनी?" तिने हळूच विचारलं.

"नाही वळलं," मीठबाई म्हणाल्या.

त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता, आणि तो लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं जे वळेल म्हणून छातीठोक सांगितलं ते वळलं नव्हतं, आणि आपण चुकलो होतो. बॅटरीवाल्यांनी खाली बघितलं. वायरमनने उगाचच कानावरचा टेस्टर काढून खिशात ठेवला. संचालकांनी, त्यांना श्रेय द्यायला हवं, "मी म्हणालो होतो" असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "वाईट वाटलं, मॅडम."

"मला वाटलंय ते पुरे आहे. तुम्ही तो चेहरा पुसा," मीठबाई नाक ओढत म्हणाल्या. "मी रडतेय म्हणजे हरले असं समजू नका. रडू येतं तसं येतंय." त्यांनी बॅटरीवाल्यांना खुणेने जवळ बोलावलं. "बघा तुम्ही. सगळ्यांनी बघा. सांगोवांगी नको." बॅटरीवाल्यांनी बघितलं, वायरमनने बघितलं, नणंदेने नको तो डोळा मिटून बघितलं आणि तरीही "छान रंग आहेत" असं सांगितलं. शेवटी संचालकांनी बघितलं. ते पुष्कळ वेळ बघत होते. चकती त्यांनीही दोन्ही बाजूंनी फिरवली, शिकवली होती तशीच, सावकाश.

मग मीठबाईंनी किल्ली बॅटरीवाल्यांच्या हातात दिली आणि उशी उचलली. जाता जाता त्या संचालकांपुढे थांबल्या.

"दर वर्षी तुम्ही लिहीत आलात, प्रतिसाद नाही. ते खोटं होतं."

"पण मॅडम," संचालक न राहवून म्हणाले, "खरंच तर प्रतिसाद नाही."

"आज नाही. आज ते खरं झालं. इतकी वर्षं तुम्ही सगळे नुसतं म्हणत होता, आणि खरं मला करावं लागलं." त्यांनी उशी काखेत मारली. "आता लिहा. आणि खाली माझं नाव घाला."